कॅम्पसचं नेटवर्क पायऱ्यांनी बांधताना

परभणी जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेत मी नेटवर्क आणि संगणक लॅब सांभाळतो. एकाच आवारात कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय, पॉलिटेक्निक, ग्रंथालय, कार्यालय आणि मुलांचं वसतिगृह आहे. पैसा येईल तशा इमारती उभ्या राहिल्या आणि नेटवर्क त्यांच्या मागोमाग वाढत गेलं. नवी लॅब झाली की शेजारच्या लॅबमधल्या स्विचमधून (संगणकांच्या केबली जिथं एकत्र जोडतात त्या पेटीतून) केबल ओढायची, तिच्या टोकाला नवा स्विच लावायचा. कार्यालयात टेबल वाढलं की टेबलाखाली पाच पोर्टचा छोटा डबा. अशी नेटवर्कं मी आपल्याकडच्या कितीतरी संस्थांत पाहिली आहेत, म्हणून आमचं नेटवर्क आम्ही नव्यानं कसं बांधलं ते जरा सविस्तर लिहितो.

जुनं जाळं पूर्ण सपाट होतं. कार्यालयातला फीच्या पावत्यांचा संगणक, लॅबमधली यंत्रं, कॅमेरे आणि मुलांचे मोबाइल, सगळ्यांचे नेटवर्कवरचे पत्ते १९२.१६८.१ या एकाच पट्ट्यातले. त्यात पत्ते मिळतात २५४. मोबाइल वाढले तसे पत्ते संपायला लागले. मग वसतिगृहात कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला जोडला आणि तो राउटर स्वतःचेच पत्ते वाटू लागला. त्याचा पत्ता ज्या यंत्राला मिळाला त्याचं इंटरनेट बंद. हे यंत्र कधी कार्यालयातलं असायचं, कधी ग्रंथालयातलं. सपाट जाळ्यात पत्ता मागणारी हाक सगळ्या आवारात ऐकू जाते आणि जो आधी उत्तर देईल त्याचं उत्तर खरं धरलं जातं.

निर्णायक प्रसंग घडला तो बारावीच्या निकालानंतर, प्रवेश सुरू असताना. दुपारी सगळ्या आवाराचं नेट एकदम बसलं. पालकांची रांग खिडकीपासून फाटकापर्यंत. आमचे शिपाई मामा धावत आले, म्हणाले, "सर, समद्या डब्यांचे दिवे एकदमच लुकलुक करायलेत बगा." मामांनी नेमकं लक्षण सांगितलं होतं. सगळ्या पोर्टचे दिवे एका लयीत आणि न थांबता लुकलुकायला लागले, तर बहुतेक वेळा कुठंतरी लूप, म्हणजे वायरींचं बंद वर्तुळ, झालेला असतो.

आयपी पॅकेटला, म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याला, मोजकं आयुष्य असतं. प्रत्येक राउटर त्यातला एक आकडा एकानं कमी करतो आणि तो शून्यावर आला की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे आवारातल्या वायरीवर ते पुडकं ज्या वेष्टनात जातं त्याला, असा आकडाच नसतो. दोन पोर्ट एकमेकांना जोडले गेले की सगळ्यांसाठी काढलेली एक हाक त्या वर्तुळात फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढतात, आणि थोड्याच वेळात वायरीत दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही. यावर इलाज जुना आहे. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्रीची पद्धत शोधली आणि १९९० मध्ये ती आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ८०२.१डी या मानकात आली. स्विच आपसात बोलून जादाची वाट स्वतःच बंद ठेवतात. पण टेबलाखालच्या स्वस्त डब्यांना ही भाषा येत नाही.

मग एकेका इमारतीची केबल उपसत गेलो आणि शेवटी पॉलिटेक्निकच्या एका लॅबपाशी येऊन थांबलो. झाडलोट करताना लोंबकळणारी पॅच कॉर्ड (छोटी जोडवायर) दिसली म्हणून कुणीतरी तिचं मोकळं टोक शेजारच्याच रिकाम्या पोर्टात खोचलं होतं. ज्यानं खोचलं त्याचा यात काहीच दोष नाही. माझ्या डोक्यात एकच प्रश्न राहिला. पॉलिटेक्निकच्या लॅबमधल्या वीतभर वायरीमुळे कार्यालयातली फीची पावती का अडावी?

तिथून पुढचं सगळं काम या प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिलं काम नकाशा काढण्याचं. लॅब असिस्टंट आणि मी एकेक केबल हातात धरून तिच्या टोकापर्यंत गेलो, दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या आणि कागदावर मांडलं. त्यातून कळलं ते कुठल्याही सॉफ्टवेअरनं सांगितलं नसतं. वसतिगृहाकडे जाणारी तांब्याची केबल एकूण शंभर मीटरच्या बरीच पुढं गेली होती आणि ती मर्यादा चुकवायला मधे वॉचमनच्या खोलीत एक छोटा स्विच ठेवलेला होता. त्या खोलीतला पंख्याचा बोर्ड बंद केला की वसतिगृहाचं नेट जायचं. रात्री "नेट गेलं" आणि सकाळी "आपोआप आलं" या तक्रारीचं मूळ तिथं होतं.

दुसरी गोष्ट याहून बोलकी होती. कार्यालय, ग्रंथालय आणि पॉलिटेक्निक यांच्यात वेगवेगळ्या वेळी केबल टाकल्यामुळे एक त्रिकोण तयार झाला होता. या तीन ठिकाणी चांगले स्विच होते, स्पॅनिंग ट्री चालवणारे, त्यामुळे त्या त्रिकोणाचा लूप होत नव्हता. पण त्या झाडाचं मूळ कुठं असावं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. सगळ्या स्विचचा अग्रक्रम कारखान्यातून येतो तसा ३२७६८. आकडा सारखा असला की ज्याचा मॅक पत्ता (कारखान्यातच यंत्राला मिळालेला क्रमांक) सगळ्यात लहान तो मूळ ठरतो, आणि लहान मॅक पत्ता बऱ्याचदा सगळ्यात जुन्या यंत्राचा असतो. आमच्याकडे मूळ झाला होता पॉलिटेक्निकचा सगळ्यात जुना स्विच. म्हणून कार्यालय आणि ग्रंथालय यांच्यातली थेट केबल बंद ठेवली जात होती, आणि समोरासमोरच्या दोन इमारतींमधली वाहतूक पॉलिटेक्निकला वळसा घालून जात होती. न ठरवलेली गोष्टही शेवटी ठरतेच, ती यंत्र ठरवतं.

नकाशा हाती आल्यावर रचनेकडे वळलो. मोठ्या नेटवर्कची तीन थरांत विभागणी करायची पद्धत सिस्कोनं १९९० च्या दशकात रूढ केली: ॲक्सेस, डिस्ट्रिब्युशन आणि कोअर. माणसं, संगणक, कॅमेरे, वायफायचे डबे जिथं जोडले जातात तो ॲक्सेस. एका इमारतीचे सगळे ॲक्सेस स्विच जिथं एकत्र येतात आणि कोण कुठं जाऊ शकेल याचे नियम जिथं लागतात ते डिस्ट्रिब्युशन. आणि या इमारतींना एकमेकींशी आणि बाहेरच्या लाइनशी जोडणारा, नुसता वेगानं वाहून नेणारा, तो कोअर.

आमच्या संचालक मंडळात बहुतेक शेतकरी माणसं आहेत. त्यांना हे मी कालव्यावरून समजावलं. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो तो २०८ किलोमीटर येतो. मुख्य कालव्याचं काम पाणी पुढं नेणं. कुठल्या भागाला किती सोडायचं ते वितरिकेच्या दारावर ठरतं. शेतात पाणी जातं शेतचारीनं. मुख्य कालव्यातच कुणी पाइप टाकला की टेलच्या गावांना काय मिळतं हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कार्यालयाचा संगणक सरळ कोअर स्विचला जोडू नका असं मी का म्हणतोय ते एका वाक्यात कळलं. एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "म्हंजे शेतचारी फुटली तर एकाचं वावर भिजंल, कालवा फुटणार नाही." मला हवी होती ती रचना नेमकी हीच.

मग कोटेशन मागवली. एका पुरवठादारानं पुस्तकात असतात तसे तीनही थर प्रत्येक इमारतीसाठी लावून दिले होते. मधोमध मोठाल्या चासिसवाले दोन कोअर स्विच आणि चार खोल्यांच्या ग्रंथालयालासुद्धा स्वतंत्र डिस्ट्रिब्युशन. त्या किमतीत आमची एक नवी लॅब झाली असती. थर ही कामांची विभागणी आहे, प्रत्येक कामाला वेगळं यंत्र घेतलंच पाहिजे असं त्यात कुठंही नाही. दोन कामं एका पेटीत बसत असतील तर बसवावीत, फक्त ती दोन वेगळी कामं आहेत हे नकाशात आणि डोक्यात स्पष्ट असावं.

आम्ही ठरवलं ते असं. मधोमध, कार्यालयाच्या सर्व्हर खोलीत, लेयर थ्रीचे, म्हणजे राउटरचंही काम करणारे, दोन स्विच. ग्रंथालय, कार्यालय आणि दोन्ही महाविद्यालयांच्या लहान इमारतींचे ॲक्सेस स्विच सरळ या जोडीला येतात. म्हणजे त्यांच्यासाठी कोअर आणि डिस्ट्रिब्युशन एकच. पॉलिटेक्निक आणि वसतिगृह मात्र मोठी, वर्दळीची ठिकाणं. तिथं स्वतंत्र डिस्ट्रिब्युशन स्विच. ते मधल्या जोडीला जोडलेत ते रूटिंगनं, ओएसपीएफ (यंत्रांनी आपसात वाटा कळवायची पद्धत) चालवून. त्यामुळे या दोन इमारतींमधल्या हाका, त्यांचं स्पॅनिंग ट्री, त्यांचे लूप, सगळं त्या त्या इमारतीच्या दारातच थांबतं. ज्या इमारतीतून सगळ्यात जास्त भानगडी निघायच्या तिलाच तिसरी पायरी दिली, हा यातला विचार.

स्विच निवडताना एका आकड्यावर मी अडून बसलो. वायफायच्या डब्यांना आणि कॅमेऱ्यांना वीज नेटवर्कच्या केबलमधूनच जाते. ८०२.३एएफ या मानकात एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट. चोवीस पोर्टांना गुणलं की ३७० वॅट होतात, म्हणून बाजारात चोवीस पोर्टच्या स्विचवर ३७० वॅट लिहिलेलं दिसतं. एका कोटेशनमध्ये अठ्ठेचाळीस पोर्टचा स्विच होता आणि त्याचीही वीज ३७० वॅटच. सगळ्या पोर्टांवर वीज मागणारी उपकरणं लावली तर निम्म्यांनाच पूर्ण वीज मिळणार. नवे वायफायचे डबे ८०२.३एटी म्हणजे ३० वॅटचं मानक मागतात, तेव्हा तर आणखी कमी. डेटाशीटवरची ही एक ओळ वाचायची सवय खरेदी करणाऱ्या प्रत्येकानं लावून घ्यावी.

सगळ्यात समाधान दिलं ते पत्त्यांच्या आराखड्यानं. १० नं सुरू होणारा खाजगी पट्टा घेतला. दुसरा आकडा इमारतीचा, तिसरा कामाचा. पॉलिटेक्निक २०, ग्रंथालय ३०, कार्यालय ४०, वसतिगृह ५०. काम: १० शिक्षक-कर्मचारी, २० लॅब, ३० कॅमेरे, ४० पासून पुढं वायफाय. आता नोंदवहीत १०.२०.२० असा पत्ता दिसला की तो पॉलिटेक्निकच्या लॅबमधला, हे शोधावं लागत नाही. मधल्या स्विचला पॉलिटेक्निकबद्दल एकच ओळ माहीत असते: १०.२०.०.०/१६, म्हणजे १०.२० नं सुरू होणारे सगळे पत्ते. आत किती व्हीलॅन (त्याच स्विचांवर पाडलेली वेगवेगळी आभासी जाळी) आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नाही. वसतिगृहाच्या वायफायला /२२ दिलं, म्हणजे १०२२ पत्ते. एकेक मुलगा दोन-दोन उपकरणं घेऊन येतो, आणि पत्ता किती वेळ राखून ठेवायचा ती मुदतही तिथं कमी ठेवली. १०, ६० आणि ७० हे आकडे कोरे सोडलेत, पुढच्या इमारतींसाठी.

एका नियमावर बराच वाद झाला. व्हीलॅन इमारतीच्या बाहेर न्यायचं नाही, असा तो नियम. लेखा विभागाचा एक संगणक पॉलिटेक्निकमध्ये बसतो आणि त्याला कार्यालयाच्याच व्हीलॅनमध्ये घ्या अशी मागणी होती. तांत्रिकदृष्ट्या ते दोन मिनिटांचं काम. पण मग कार्यालयाचं व्हीलॅन पॉलिटेक्निकपर्यंत ताणलं जाणार, आणि तिथला लूप पुन्हा फीच्या पावतीपर्यंत पोचणार. मूळ अडचण एवढीच होती की लेखा विभागाचं जुनं सॉफ्टवेअर आपला सर्व्हर हाक मारून शोधायचं. सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता थेट लिहिला आणि डिस्ट्रिब्युशनवर फक्त त्या एका संगणकाला परवानगी दिली. लेखा विभागाच्या ताई पहिल्या दिवशी साशंक होत्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी विषयही काढला नाही.

खोदाई उन्हाळ्याच्या सुट्टीत केली. आपल्या काळ्या जमिनीत केबल टाकणं हे वेगळंच प्रकरण आहे. उन्हाळ्यात ती तडकते, भेगा खोल जातात, आणि पावसात तीच फुगते. वरवर टाकलेला पाइप एका-दोन पावसाळ्यांत सरकतो आणि सांध्यात उघडतो. म्हणून चर खोल घेतला, एचडीपीईचा अखंड पाइप टाकला, खाली-वर मुरूम भरला आणि प्रत्येक वळणावर चेंबर बांधून त्यात फायबरची जादा वेटोळी ठेवली. पुढं कुठं तुटली तर ओढून जोडता यावी म्हणून.

इमारतींच्या मधे तांबं ठेवायचंच नाही, हा निर्णय मी सगळ्यात ठामपणे घेतला. मृगाच्या आधीच्या वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा किती कोसळतात ते सांगायला नको. आमच्या गच्चीवरून गेलेल्या तांब्याच्या केबलींच्या टोकाचे पोर्ट जवळपास दर वर्षी जळायचे. वीज अगदी अंगावर पडायचीही गरज नसते. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला की तेवढ्यानं काम होतं. फायबर काचेची, तिच्यातून ही वीज जात नाही. पण जमिनीत टाकायच्या फायबरला उंदरांपासून वाचवायला पोलादी चिलखत असतं आणि ते वीज वाहून नेतं. ते रॅकपर्यंत आत आणू नये, इमारतीत शिरतानाच त्याला अर्थ करावं. ठेकेदाराची माणसं हे सहसा करत नाहीत. उभं राहून करून घ्यावं लागतं.

फायबर सिंगल मोड घेतली, म्हणजे बारीक गाभ्याची, लांब पल्ल्याची. जाड गाभ्याची मल्टिमोड आमच्या अंतरांना आज पुरली असती आणि तिचे मॉड्यूल (फायबर स्विचला जोडणारे तुकडे) स्वस्त पडायचे. पण मल्टिमोडमध्ये वेग वाढला की पल्ला आखडतो. ओएम२ प्रकारच्या काचेवर एक गिगाबिट ५५० मीटर जातं, दहा गिगाबिट फक्त ८२ मीटर. मॉड्यूल उद्या बदलता येतात, चर पुन्हा खोदायला पैसे कोण देणार?

जुनं तोडून नवं जोडताना इमारतीमागून इमारत असा क्रम धरला. ग्रंथालय आधी, कारण सुट्टीत तिथं कमी माणसं. जुनं आणि नवं जाळं काही काळ शेजारी चालू ठेवलं आणि एकेक स्विच उचलून नव्या बाजूला नेला. प्रत्येक ॲक्सेस पोर्टवर तीन कुलपं लावली. पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचा संदेश आला की पोर्ट बंद, म्हणजे तिथं कुणी ही भाषा बोलणारा स्विच जोडला किंवा वायर फिरून आली तर गोष्ट तिथंच संपते. पत्ते वाटायचा अधिकार फक्त वरच्या फायबरकडून येणाऱ्याला, म्हणजे घरचा राउटर लावला तरी त्याचं उत्तर कुणापर्यंत जात नाही. आणि हाकांच्या संख्येला मर्यादा. झाडाचं मूळ आता नशिबावर सोडलेलं नाही. पॉलिटेक्निक आणि वसतिगृहात तिथल्या डिस्ट्रिब्युशन स्विचला, बाकी ठिकाणी मधल्या जोडीला, अग्रक्रम ४०९६ लिहून दिलाय.

विजेचं गणितही पायऱ्यांनीच मांडलं. लाइट गेली तर मधली जोडी आणि बाहेरची लाइन सगळ्यात जास्त वेळ तगली पाहिजे, म्हणून त्यांना मोठ्या बॅटऱ्या. दोन्ही डिस्ट्रिब्युशनला त्याहून लहान. ॲक्सेसला एवढंच की लाइट येता-जाता स्विच बंद-चालू होत राहू नयेत. वायफायला वीज देणारे स्विच बॅटरी फार लवकर पितात, सगळ्यांना सारखा यूपीएस देणं म्हणजे पैसे पाण्यात.

पुढच्या प्रवेशांच्या आधी चाचणी घेतली. प्राचार्य सर समोर उभे असताना मधल्या जोडीतला एक स्विच बंद केला. चालू असलेली पिंग (जोडणी जिवंत आहे का ते सतत विचारणारी चाचणी) थोडी अडखळली आणि पुढं चालू राहिली. मग पॉलिटेक्निकच्या त्याच लॅबमध्ये गेलो आणि एक पॅच कॉर्ड घेऊन तिची दोन्ही टोकं मुद्दाम भिंतीतल्या दोन पोर्टांत खोचली. ते पोर्ट लगेच बंद पडले. लॅबमधली बाकीची यंत्रं चालू. कार्यालयातून फोन आला नाही म्हणून मीच फोन लावला, "ताई, पावत्या निघताहेत का?" त्या म्हणाल्या, "निघायलेत की, कामून?"

त्यानंतर तक्रारी आल्या नाहीत असं नाही, पण त्यांची जात बदलली. पूर्वी "नेट गेलं" एवढंच यायचं आणि आवारभर फिरावं लागायचं. आता आधी विचारतो: तुमचंच गेलं, खोलीचं गेलं, की इमारतीचं? एकट्याचं असेल तर पॅच कॉर्ड किंवा पोर्ट. खोलीचं असेल तर ॲक्सेस स्विच. इमारतीचं असेल तर फायबर किंवा डिस्ट्रिब्युशन. हे तीन प्रश्न मामासुद्धा विचारतात आणि बऱ्याचदा मी पोचायच्या आत कॉर्ड बदलून मोकळे होतात.

काम अजून बाकी आहे. मधले दोन्ही स्विच एकाच खोलीत आहेत, त्या खोलीला काही झालं तर दोन असून उपयोग नाही. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर एक कोरडी खोली मिळाली आहे, दुसरा स्विच तिकडं हलवायचा आणि वसतिगृहाची दुसरी फायबर वेगळ्या वाटेनं, कुंपणाच्या कडेनं, त्या खोलीत आणायची. मुलींच्या वसतिगृहाचा पाया पुढच्या वर्षी भरतील असं म्हणतात. त्याचा आकडा ६० ठरला आहे आणि फाटकाजवळच्या चेंबरमध्ये त्याच्यासाठी फायबरचे चार तंतू आजच सोडून ठेवलेत.